दुसऱ्या नंबरची आरती

पहिल्या क्रमांकावर कधीच न गेलेल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या गायल्या गेलेल्या गाण्यांची यादी निघाली की वाद ठरलेला. एका बाजूचे म्हणणार, बघा, बॉब डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ १९६५ साली अमेरिकेच्या चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत, दुसऱ्यावर अडकलं, ओएसिस या बँडचं ‘वंडरवॉल’ १९९५ साली ब्रिटनमध्ये दुसरंच राहिलं. म्हणजे चार्ट हा सगळा कंपन्यांचा खेळ, आणि गर्दीला चांगलं गाणं कधी कळलंय? दुसऱ्या बाजूचे आकडे पुढे करणार: त्या आठवड्यात ज्याच्या रेकॉर्डी जास्त खपल्या तो पहिला, बाकीचे सगळे मागाहून आलेले उमाळे. वाद दोन्हीकडून चुकीचा लढला जातो, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकच आहे. पहिला क्रमांक हे गाण्याच्या गुणांचं प्रमाणपत्र आहे, असं दोघंही धरून चालतात. एकाला ते मिळाल्याचा तोरा, दुसऱ्याला ते नाकारल्याचा राग.

माझं म्हणणं साधं आहे. चार्ट वेग मोजतो. एका आठवड्यात, एका देशात, त्या वेळच्या नियमांप्रमाणे किती जणांनी एकदम एकच गोष्ट केली, एवढंच तो सांगतो. गाणं किती वर्षं तोंडात राहील, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. पुराची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवरून विहिरीला चैत्रात पाणी राहील का, हे कसं वाचणार? त्यामुळे ‘पहिलं आलं नाही तरी टिकलं’ यात ना चमत्कार आहे ना अन्याय. अन्यायाची भाषा करणारे टॉलस्टॉयचं उदाहरण देऊ शकतील: १९०१ सालचं साहित्याचं पहिलं नोबेल सुली प्रुदोम या फ्रेंच कवीला मिळालं, टॉलस्टॉयला नाही, आणि स्वीडनमधल्याच लेखक-कलावंतांनी टॉलस्टॉयला पत्र लिहून खंत कळवली. पण तिथे एक समिती बसली होती, तिने तोलून निवड केली होती आणि तिची निवड चुकली असं म्हणता येतं. चार्टवर कोण बसलं होतं? कुणीच नाही. ज्यांनी डिलनची रेकॉर्ड घेतली त्यांनी डिलनला निवडलं, ज्यांनी बीटल्सचं ‘हेल्प!’ घेतलं त्यांनी ते घेतलं. दोन गाण्यांची तुलना करून कौल देणारा माणूस त्या सगळ्या व्यवहारात कुठेच नव्हता.

आकडेवाल्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करायला हवं, कारण ते थोडंथोडकं नाही. चार्टला शिव्या देणारे असं बोलतात जणू चार्टच्या जागी दुसरं काही निर्मळ असतं. काय असतं? समीक्षकांची मर्जी, रेडिओ निवेदकाची आवड, दुकानदाराचा अंदाज. अमेरिकेत १९९१ पर्यंत ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाच्या याद्या बऱ्याच अंशी दुकानदारांनी कळवलेल्या क्रमावर उभ्या होत्या. त्या वर्षी मे महिन्यात अल्बमांच्या यादीसाठी आणि नोव्हेंबरअखेरीस ‘हॉट १००’ या गाण्यांच्या यादीसाठी साउंडस्कॅनची मोजणी सुरू झाली, काउंटरवर बारकोड वाचला गेला की विक्री नोंदली जाऊ लागली. लगेच काय दिसलं? कंट्री आणि रॅप हे ज्यांना कोपऱ्यातले प्रकार समजलं जायचं, ते मधोमध येऊन बसले. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम जूनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकाचा अल्बम थेट पहिल्यावरच अवतरला. ही गाणी विकत घेणारी माणसं आदल्या वर्षीही होती. कळवणाऱ्याच्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. मोजणी नीट झाली की लोकांची आवड सुधारत नाही, पण कुणाकुणाची आवड वगळली जात होती ते उघडं पडतं. चार्टच्या विरोधात बोलणाऱ्या कुणीही हे विसरू नये.

दुसरा मुद्दा याहून टोचणारा आहे. टिकलेल्या दुसऱ्या क्रमांकांची यादी करताना विरून गेलेले दुसरे क्रमांक आपण मोजतच नाही. ‘हॉट १००’ ऑगस्ट १९५८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून शेकडो गाणी दुसऱ्यावर थांबली. त्यातली किती आज गुणगुणता येतील? आणि उलट बाजूने ‘हे ज्यूड’, ‘बिली जीन’, ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ ही तिन्ही अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिली आलेली आहेत, आणि ती कुठे विसरली गेली? पहिलं आलेलं गाणं टिकण्याची शक्यता बहुधा जास्तच असते, निदान ते जास्त कानांवर पडलेलं असतं. ‘खरी कला कधीच पहिली येत नाही’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण पहिल्या दहा उदाहरणांतच ते गळून पडतं.

मग वाद संपला म्हणायचा? नाही. आकडेवाल्यांचा पाया वाटतो तितका भक्कम नाही. ‘कधीच पहिलं आलं नाही’ असं म्हणताना कुणाच्या यादीत, हा प्रश्न ते गिळून टाकतात. ब्रिटनमध्ये पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने छापली, ती वीसेक दुकानांत फोन करून. पुढे साप्ताहिकं वाढली तशा याद्याही वाढल्या. बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ १९६३ साली ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’मध्ये पहिलं होतं, ‘मेलडी मेकर’मध्येही पहिलं होतं, ‘रेकॉर्ड रिटेलर’मध्ये मात्र दुसरं. नंतर इतिहास नोंदवताना साठच्या दशकासाठी ‘रेकॉर्ड रिटेलर’ची यादी प्रमाण धरली गेली आणि या गाण्याचा पहिला क्रमांक कैक वर्षांनी काढून घेतला गेला. २००० साली बीटल्सच्या पहिल्या आलेल्या २७ गाण्यांचा संग्रह निघाला, त्यात ते नाही. १९६३ मध्ये ज्या पोरांनी आपलं गाणं पहिलं आलं म्हणून नाचून घेतलं असेल, त्यांना आता काय सांगायचं? १९७७ मध्ये तर राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाच्या ऐन आठवड्यात सेक्स पिस्टल्स या पंक गटाचं, राजेशाहीची टर उडवणारं ‘गॉड सेव्ह द क्वीन’ अधिकृत यादीत रॉड स्ट्युअर्टच्या मागे दुसरं आणि ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’च्या यादीत पहिलं होतं. बीबीसीने त्यावर बंदी घातलेली होती. अधिकृत आकड्यांत हात घातला गेला का, यावर अजून भांडणं होतात; ती मिटायची वाट बघण्याची गरज नाही. एकाच आठवड्यात, एकाच शहरात, दोन छापील कागदांवर दोन वेगळे पहिले क्रमांक होते, एवढं पुरे आहे.

अमेरिकेतला नियम तर आणखी विचित्र होता. डिसेंबर १९९८ पर्यंत जे गाणं सुटी तबकडी म्हणून, म्हणजे सिंगल म्हणून, विक्रीला आलेलं नाही त्याला ‘हॉट १००’मध्ये जागाच नव्हती. लेड झेपेलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’चं गूढ एवढंच: १९७१ च्या अल्बममधलं ते गाणं अमेरिकेत सिंगल म्हणून काढलंच नाही, म्हणून ते यादीत आलं नाही. हरायला ते मैदानात उतरलंच नव्हतं. नव्वदीत कंपन्यांनी याचा धंदाच केला. लोकांना गाणं हवं असेल तर पूर्ण अल्बम घेऊ देत, म्हणून सिंगल काढायचंच नाही. नो डाउटचं ‘डोन्ट स्पीक’ रेडिओवरच्या यादीत १६ आठवडे पहिलं होतं आणि ‘हॉट १००’मध्ये शंभरावंही नव्हतं. नॅटली इम्ब्रुलियाचं ‘टॉर्न’ रेडिओवर ११ आठवडे पहिलं. नियम बदलेपर्यंत त्याचा बहर ओसरला आणि नोंद राहिली ४२ व्या क्रमांकाची. शंभर वर्षांनी केवळ या नोंदी वाचणारा माणूस १९९७-९८ सालच्या कानांविषयी काय समजेल?

दुसऱ्या नंबरच्या भक्तांचा मात्र एक आवडता खेळ आहे, तो मला अजिबात पटत नाही. आपल्या लाडक्या गाण्याच्या वर कोण बसलं होतं ते शोधायचं आणि त्याची टर उडवायची. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या गटाची पाच सिंगल अमेरिकेत दुसरी आली, पहिलं एकही नाही. त्यातल्या ‘ग्रीन रिव्हर’च्या वर १९६९ मध्ये होतं ‘शुगर, शुगर’. गाणारे द आर्चीज, म्हणजे कार्टूनमधली पात्रं! हशा पिकतो. पण ‘शुगर, शुगर’ मेलं का? मुखडा म्हणायला लागा, समोरचा पुरा करेल. बीटल्सचं ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ हे जोड-सिंगल १९६७ मध्ये ब्रिटनच्या अधिकृत नोंदीत दुसऱ्यावर थांबलं ते एंगलबर्ट हम्परडिंकच्या ‘रिलीज मी’मुळे, आणि ‘रिलीज मी’ त्या यादीत सलग ५६ आठवडे तग धरून होतं. वर्षभर माणसं ती रेकॉर्ड घेत होती. ती माणसं बहुधा बीटल्स ऐकणाऱ्यांच्या आयांच्या वयाची असतील, पण त्यांचे पैसे खोटे होते का? फॉरेनरचं ‘वेटिंग फॉर अ गर्ल लाइक यू’ १९८१-८२ मध्ये दहा आठवडे दुसऱ्यावर होतं, त्यातले नऊ ऑलिव्हिया न्यूटन-जॉनच्या ‘फिजिकल’च्या मागे. त्या काळात कितीतरी गाणी एक आठवडा पहिली येऊन उतरली. दहा आठवडे दुसरं राहणारं गाणं जास्त लोकप्रिय की एक आठवडा पहिलं राहणारं? त्या आठवड्यात शेजारी कोण आलं यावर शेवटचा एक क्रमांक ठरतो. शेजाऱ्याची लायकी काढून आपल्या गाण्याची उंची वाढत नाही.

आता या सगळ्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा, जो वादात क्वचितच येतो. जुना चार्ट खरेदी मोजायचा, ऐकणं नाही. १९६७ मध्ये एखाद्याने एक रेकॉर्ड घेतली आणि पुढची चाळीस वर्षं दर रविवारी लावली, दुसऱ्याने तशीच एक घेतली आणि दोनदा ऐकून कपाटात टाकली. चार्टच्या दृष्टीने दोघंही सारखेच, प्रत्येकी एक. टिकणं हा गुण त्या मोजमापाच्या बाहेरच होता. स्ट्रीमिंग आल्यावर पहिल्यांदाच प्रत्येक ऐकणं मोजलं जाऊ लागलं. ब्रिटनच्या यादीत २०१४ पासून स्ट्रीम धरले जातात. परिणाम काय झाला? पाण्याखाली होतं ते वर आलं. व्हॅमचं ‘लास्ट ख्रिसमस’ १९८४ मध्ये दुसरं राहिलं होतं, ते २०२१ च्या पहिल्याच दिवशी ब्रिटनमध्ये पहिलं झालं. मराया कॅरीचं १९९४ चं नाताळगीत अमेरिकेत तेव्हा सिंगल म्हणून विक्रीला नव्हतं. डिसेंबर २०१९ मध्ये ते पहिलं आलं. केट बुशचं १९८५ चं ‘रनिंग अप दॅट हिल’ तेव्हा ब्रिटनमध्ये तिसरं होतं, एका मालिकेत वाजल्यावर २०२२ मध्ये पहिलं. आणि द किलर्सचं ‘मिस्टर ब्राइटसाइड’! २००४ मध्ये ते दहाव्या क्रमांकाच्या वर गेलं नाही, पण ब्रिटनच्या पहिल्या शंभरांत त्याने एकूण ४०० हून जास्त आठवडे काढले आहेत. २०२४ मध्ये ‘वंडरवॉल’ला मागे टाकून, पहिलं न आलेल्या गाण्यांत ब्रिटनमधलं सर्वांत मोठं गाणं म्हणून ते अधिकृतपणे नोंदलं गेलं.

आणि मग चार्टवाल्यांनी काय केलं? टिकाऊपणा मोजता येऊ लागला आणि त्यांनी तो आवरायचे नियम लिहिले. मार्च २०१७ मध्ये एड शीरनच्या एका अल्बमची १६ गाणी पहिल्या विसांत एकदम घुसली, त्यानंतर ब्रिटनच्या ऑफिशियल चार्ट्स कंपनीने एका कलाकाराला तीनच गाण्यांची मर्यादा घातली. त्याच वेळी आणखी एक नियम आला: काही आठवडे यादीत काढलेल्या गाण्याची सलग घसरण दिसली की पुढे एका विक्रीइतकं वजन मिळायला त्याला दुप्पट स्ट्रीम लागणार. अमेरिकेत तर वीस आठवडे झालेलं गाणं पन्नासाच्या खाली गेलं की यादीतून काढून टाकण्याचा नियम आधीपासून चालत आला आहे. यात कट वगैरे काही नाही, आणि त्यामागचं कारण मला मान्य आहे. आज काय नवीन घडतंय हे सांगणं हे चार्टचं काम आहे. तीच तीच जुनी गाणी वर बसून राहिली तर नव्या गायकाने जायचं कुठे? पण हे मान्य केल्यावर ‘आकडे खोटं बोलत नाहीत’ हे वाक्य कसं म्हणता येईल? जे गाणं रेंगाळतं त्याचं वजन मुद्दाम निम्मं करणारी मोजणी टिकाऊपणाची साक्ष देऊ शकत नाही. ती तसा दावाही करत नाही. तो दावा आपण तिच्या तोंडी घालतो.

गाणं टिकतं कशाने, याची उत्तरं बरीच कमी उदात्त आहेत. माझ्या मते टिकणाऱ्या गाण्याला आपल्या पहिल्या प्रसंगातून सुटं होता यावं लागतं. आपल्याकडचाच चार्ट घ्या. बिनाका गीतमाला डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाली, माहिती व नभोवाणी मंत्री केसकरांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने सिनेसंगीताकडे पाठ फिरवली होती त्या काळात. आणि अमीन सयानींनी ‘पायदान’, म्हणजे यादीतली पायरी, हा शब्द घराघरांत नेला. १९६४ च्या वार्षिक यादीत सर्वांत वर होतं ‘संगम’मधलं ‘मेरे मन की गंगा’. त्याच वर्षीचं, ‘वह कौन थी’मधलं ‘लग जा गले’ काही त्या वर्षीचं पहिलं नव्हतं. पहिलं गाणंही विसरलं गेलेलं नाही, ते ऐकताना आजही मजा येते. पण त्यातली छेडछाड, तो सवाल आणि राधेचा तो जवाब हे सगळं पडद्यावरच्या त्या दोघांचं आहे. राजा मेहदी अली खान यांच्या शब्दांना आणि मदन मोहन यांच्या चालीला असा पत्ता चिकटलेला नाही. कुणीही कुणालाही म्हणावं, निरोपाच्या कुठल्याही क्षणी. म्हणून नव्या आवाजाला स्वतःला आजमावायचं असेल तर तो ‘लग जा गले’ घेतो. ही अंगची गोष्ट चार्टला त्या वर्षी दिसणं शक्यच नव्हतं, कारण दुसऱ्यांनी गाऊन दाखवल्यावरच ती दिसते.

लेनर्ड कोहेनच्या ‘हालेलुया’चा प्रवास याच वाटेने झाला. १९८४ मध्ये तो अल्बम अमेरिकेत काढायलाच त्याच्या कंपनीने नकार दिला. कोहेनने कडवी ढिगाने लिहिली होती. जॉन केलने १९९१ मध्ये त्यातली आपल्याला हवी ती उचलली, जेफ बकलीने १९९४ मध्ये केलचं ऐकून आपलं केलं. डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनच्या यादीत अलेक्झांड्रा बर्कने गायलेलं ‘हालेलुया’ पहिलं, बकलीचं दुसरं आणि खुद्द कोहेनचं ३६ वं होतं. मग हे गाणं पहिलं आलं की नाही आलं? प्रश्नच निरर्थक होतो, कारण गाण्याचा धनी कोण हेच विरघळून गेलेलं असतं. संगीतात हे काही नवं नाही. बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ ८० वर्षांनी, १८२९ मध्ये बर्लिनमध्ये उभं केलं ते वीस वर्षांच्या मेंडेल्सोनने. कृती थोर होती हे खरं. पण त्या पोराने हट्ट धरला नसता तर ती आणखी किती वर्षं निजून राहिली असती?

आणि म्हणूनच, दुसऱ्या नंबरवाल्यांची शेवटची ढाल, ‘काळ हाच खरा परीक्षक’, तीही मी त्यांच्या हाती राहू देणार नाही. काळाच्या कचेरीत सगळ्यांचे अर्ज पोचत नाहीत. जर्नीचं ‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’’ १९८१ मध्ये अमेरिकेत नववं होतं. २००७ मध्ये एका गाजलेल्या मालिकेच्या शेवटच्या दृश्यात आणि २००९ मध्ये दुसऱ्या मालिकेत ते आलं नसतं तर आजच्या विशीतल्यांना ते पाठ असतं का? उलट डे ला सोल या रॅप गटाचं बघा. त्यांच्या सुरुवातीच्या अल्बमांत इतरांच्या गाण्यांचे तुकडे वापरलेले होते, त्यांच्या हक्कांचा गुंता सुटेना, म्हणून ते मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हतेच. त्यांचं १९८९ चं ‘मी मायसेल्फ अँड आय’ तेव्हा अमेरिकेत ३४ व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. मधल्या काळात जी एक अख्खी पिढी फोनवर गाणी ऐकत मोठी झाली, तिने ते नाकारलं असं म्हणायचं? तिच्यापुढे ते ठेवलंच नव्हतं. काळ निवडतो तेव्हा करारपत्रं, मालिकांचे संगीत-निवडकार आणि आपोआप पुढचं गाणं लावणारी यंत्रणा हे सगळे त्याच्या बाजूला बसलेले असतात. चार्टमध्ये निदान नियम छापलेले असतात. काळाचे नियम कुठे छापून मिळतात?

पहिल्या क्रमांकाला तुच्छ म्हणणारेही त्याच्या मोहातून सुटलेले नाहीत, याचा पुरावा ब्रिटनमध्ये नोंदलेलाच आहे. अल्ट्राव्हॉक्सचं ‘व्हिएन्ना’ हे गंभीर, संथ गाणं १९८१ मध्ये दुसऱ्यावर अडकलं होतं, जो डोल्चेच्या ‘शॅडप यू फेस’ या विनोदी गाण्यामागे. हा अन्याय तीस वर्षं चघळला गेला. मग बीबीसी रेडिओ टू आणि ऑफिशियल चार्ट्स कंपनीने देशाला सर्वांत आवडणारं दुसऱ्या क्रमांकाचं गाणं कोणतं, यावर श्रोत्यांचा कौल घेतला आणि २०१३ च्या सुरुवातीला निकाल लागला: ‘व्हिएन्ना’. तीस वर्षं क्रमांकाशिवाय सुखाने जगलेल्या त्या गाण्याला बक्षीस काय मिळालं? मानद पहिला क्रमांक.